पाहणी लवकर, तारा जपून

आमच्या लहानपणी दुधाचा दात पडला की तो कौलावर भिरकावायचा आणि उंदीरमामाकडे नवा मागायचा, एवढीच काय ती दंतचिकित्सा होती. नवा दात जसा येईल तसा आपला. कुणाचे पुढे यायचे, कुणाचे एकमेकांवर चढायचे. पोरे चिडवायची. मुलगी असली तर पाहुणे बघायला येण्याच्या दिवशी 'हसताना ओठ मिटून घे गं' असे आई हळूच बजावायची. त्या मिटलेल्या ओठांची किंमत कुठल्या खातेवहीत लिहिली गेली नाही, पण ती मोजणाऱ्या कितीतरी बायका आपल्या घराघरांत आहेत.

आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे. गेल्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या नातवाला एका दवाखान्यात दोन टप्प्यांची योजना सांगण्यात आली. आता दीड वर्ष, आणि बाराव्या वर्षी पुन्हा दोन वर्षे. कारण काय, तर वरच्या पटाशीच्या दोन दातांत फट. पैसे बारा हप्त्यांत भरायची सोय होती. सूनबाई घाबरल्या, चिरंजीव गप्प झाले. माझी सारी नोकरी बँकेत गेली. हप्त्याची सोय जिथे आधी सांगितली जाते, तिथला कागद मी दोनदा वाचतो. आम्ही दुसऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी क्ष-किरण चित्र काढून मध्ये जादा दात नाही याची खात्री केली आणि म्हणाल्या, "आजोबा, सध्या काही करू नका. सुळे येऊ द्या. वर्षाने दाखवा."

या वयातल्या अशा फटीला दंतवैद्यकात एक गमतीदार नाव आहे. अँडरसनच्या गोष्टीतल्या कुरूप पिलाचे. सात ते अकरा या वयात वरचे पटाशीचे दात फाकलेले दिसतात, कारण वर हाडात वाट पाहणारे सुळे त्यांच्या मुळांना रेटत असतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की लहानशी फट बहुधा आपोआप मिटते. पिलाचा राजहंस होतो, तो तारेवाचून.

मग लहान वयात दाखवूच नये का? तसे मुळीच नाही. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते की पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि काही पटाशीचे दात आलेले असतात, त्यामुळे जबडा कुठल्या वाटेने चालला आहे ते जाणकाराला कळते. पण शब्द नीट वाचा. तपासणी म्हटले आहे, उपचार नव्हे. बँकेत आम्ही कर्जाच्या अर्जावर जागेची पाहणी करायचो. पाहणी झाली म्हणजे कर्ज मंजूर झाले, असे कुणी समजत नसे.

काही गोष्टींत मात्र थांबणे महागात पडते. तोंड मिटल्यावर वरचा एखादा दात खालच्या दाताच्या मागे अडकत असेल, तर दात झिजतात आणि खालच्या दाताची हिरडी उतरू लागते. चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर वरचा जबडा अरुंद असू शकतो. टाळूच्या मधला सांधा लहानपणी मऊ असतो, तेव्हा तो रुंद करणे सोपे. वय वाढल्यावर त्याच कामाला कधी शस्त्रक्रिया लागते. अंगठा चोखण्याची सवय कायमचे दात येऊ लागले तरी सुटली नसेल, तर तीही दाखवावी.

आणि आपल्याकडची सर्वांत मोठी उधळपट्टी म्हणजे 'दुधाचाच आहे, पडणारच आहे' हे वाक्य. दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत राहायची असते. ती कीड लागून सातव्या वर्षीच काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. एक लहानशी जागा राखणारी तार तेव्हा बसवली, तर पुढचा मोठा खर्च पुष्कळदा टळतो. वेळेवर भरलेली कीड तर त्याहूनही स्वस्त.

राहिला प्रश्न पुढे आलेल्या दातांचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा या विद्यापीठांत, तसेच इंग्लंडमध्ये, मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून याचा अभ्यास झाला. काहींवर लहानपणी आणि पुन्हा किशोरवयात उपचार केले, काहींवर फक्त किशोरवयात. कॉक्रेन या संस्थेने अशा अभ्यासांचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की लवकर सुरू केल्याने शेवटी दात अधिक सरळ होत नाहीत. फायदा एकच दिसतो, पडझडीत पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी होते. म्हणून सतत धडपडणाऱ्या मुलाचा निर्णय वेगळा असू शकतो. चिडवण्याने शाळेत जायचे टाळणाऱ्या मुलीचाही. तेवढे तोलायला घरच्यांनीच बसले पाहिजे.

त्या वेळी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. आता केले नाही तर नेमके काय बिघडेल? आता केले तर पुढचा टप्पा टळेल, की तरीही लागेल? आणि वर्षभर थांबून पुन्हा पाहिले तर चालेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. शंका राहिली तर दुसरा सल्ला घ्यावा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. तिथे हा विभाग असतो आणि खर्चही खासगीपेक्षा बराच कमी येतो.

मुलाच्या तोंडातली तार हा बापाच्या ऐपतीचा दाखला नव्हे, आणि वाकडा दात हा आईच्या हयगयीचा पुरावा नव्हे. सातव्या वर्षी एकदा उजेडात तोंड उघडून दाखवावे, जे थांबू शकते त्याला थांबू द्यावे, आणि जे थांबू शकत नाही त्याला एक दिवसही उशीर करू नये. मूल ओठ न मिटता हसले की झाले.