‘जवळ’, ‘तीर’ आणि ‘निअर’: सामीप्यवाचक शब्दांचा अर्थविचार

सामीप्य दाखविणारे शब्द प्रत्येक भाषेत इतके नित्याचे असतात की त्यांच्या अर्थाचा विचार करण्याचे कोणास सहसा सुचत नाही. भाषांतर करताना मात्र त्यांची अडचण जाणवू लागते. कोशाने एकमेकांसमोर मांडलेले दोन शब्द एकच अंतर दाखवीत असले, तरी त्या अंतराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी एक असेलच असे नाही. इंग्रजीतील ‘निअर’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठी आणि छत्तीसगढी या दोन भाषांचा दीर्घ शेजार ज्या रायपूरने अनुभवला, तेथील प्रतिशब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहिले, तर सामीप्याच्या कल्पनेतील भेद स्पष्ट होतात.

‘निअर’ हे रूप मुळात तरतमभावातील होय. प्राचीन इंग्रजीत ‘जवळ’ या अर्थी ‘नेआह’ असा शब्द होता. आजच्या इंग्रजीत जुनाट वाटणारा ‘नाय’ हा त्याचाच वंशज. ‘नेआर’ म्हणजे ‘अधिक जवळ’ आणि त्याचेच तमभावाचे रूप म्हणजे आजचा ‘नेक्स्ट’. पुढे नॉर्स भाषेच्या संसर्गाने या प्रवृत्तीस बळ मिळून ‘अधिक जवळ’ हे रूप केवळ ‘जवळ’ या अर्थाने रूढ झाले. मूळ अर्थाचा विसर पडल्यामुळे ‘निअरर’ असा दुहेरी तरभाव घडवावा लागला. ‘नेबर’ या शब्दातही तोच मूळ शब्द दडलेला असून त्याचा अर्थ ‘जवळ राहणारा’ इतकाच आहे. ‘क्लोज’ हा दुसरा शब्द लॅटिनमधील ‘बंद केलेले’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. मधली फट मिटली म्हणजे जवळीक झाली, अशी त्यामागील कल्पना. ‘इंटिमेट’च्या मुळाशी ‘सर्वांत आतले’ असा तमभावी अर्थ आहे.

संस्कृतातही असा प्रकार आढळतो. ‘अंतिक’ म्हणजे जवळचे. परंतु त्याची तरतमभावाची रूपे त्या शब्दापासून न होता ‘नेदीयस्’ आणि ‘नेदिष्ठ’ अशी होतात, आणि पाणिनीने त्यांसाठी स्वतंत्र विधान केले आहे. अवेस्तातील ‘नज्द’ व फारसीतील ‘नजदीक’ हे याच कुळातील शब्द होत. मराठीत फारसीमार्गे आलेला ‘नजीक’ हा शब्द परका म्हणून ओळखला जातो. वस्तुतः तो ‘नेदिष्ठ’चा दूरचा आप्त आहे.

मराठी ‘जवळ’ची कथा निराळी. या शब्दाचा संबंध ‘यमल’, म्हणजे जुळे, या संस्कृत शब्दाशी लावला जातो, आणि ध्वनिपरिवर्तनाचे नियम त्यास अनुकूल आहेत. आद्य ‘य’चा ‘ज’ होणे ‘यव’ आणि ‘जव’ यांत दिसते, स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे ‘ग्राम’ आणि ‘गाव’ यांत, तर ‘ल’चा ‘ळ’ होणे ‘फल’ आणि ‘फळ’ यांत. बोलीत जुळ्या मुलांना ‘जावळी’ म्हणतात, तोही याच घराण्यातील प्रयोग. ही व्युत्पत्ती स्वीकारली, तर ‘जवळ’मध्ये अंतर मोजण्याची कल्पना मुळात नाही, असे म्हणावे लागते. दोन वस्तू जोडीने असणे हा त्याचा प्रारंभीचा अर्थ ठरतो.

रायपूरच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या छत्तीसगढीत याच अर्थी ‘तीर’ हा शब्द सर्रास चालतो. ‘मोर तीर’ म्हणजे माझ्याजवळ. खारून, शिवनाथ आणि महानदी यांच्या खोऱ्यात वसलेल्या या लोकांनी सामीप्यासाठी नदीकाठाचा शब्द योजावा, हे अर्थपूर्ण आहे. काठ प्रवाहाला लागून असतो, परंतु प्रवाहात मिसळत नाही. संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास येथे लक्षणेचे प्रसिद्ध उदाहरण आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘गंगेवर गवळीवाडा’ असे म्हटले असता प्रवाहावर वस्ती असणे असंभाव्य, म्हणून सामीप्यसंबंधाने ‘गंगा’ या शब्दाचा ‘तीर’ असा अर्थ घ्यावा लागतो. शास्त्रात सामीप्यामुळे ‘तीर’ हा अर्थ लाभतो. छत्तीसगढीत ‘तीर’ या शब्दालाच सामीप्य हा अर्थ लाभला आहे. लक्षणा रूढ होऊन वाचकशब्द कसा बनतो, याचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

या शब्दांचे व्याकरणातील कार्यही लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजी ज्या ठिकाणी स्वामित्वाचे क्रियापद वापरते, तेथे मराठी ‘माझ्याजवळ’, हिंदी ‘मेरे पास’ आणि छत्तीसगढी ‘मोर तीर’ म्हणते. हिंदीतील ‘पास’ हा ‘पार्श्व’पासून, म्हणजे शरीराच्या बाजूपासून आलेला. धनाची मालकी या भाषांनी सान्निध्यानेच सांगितली आहे. पण मराठी येथे एक सूक्ष्म मर्यादा पाळते. ‘त्याच्याजवळ दोन रुपये आहेत’ हे योग्य. परंतु ‘त्याच्याजवळ दोन मुलगे आहेत’ असे म्हटल्यास ते त्याच्यापाशी राहतात इतकाच बोध होतो. नाते सांगायचे तर ‘त्याला दोन मुलगे आहेत’ असेच म्हणावे लागते. जे दूर होऊ शकते तेच ‘जवळ’ असते. नाते दूर गेल्यानेही तुटत नाही, म्हणून ते या शब्दाच्या कक्षेबाहेर राहते.

मनाच्या निकटतेसाठी मराठीने यामुळे निराळे शब्द घडविले. ‘आपुलकी’त ‘आत्मन्’ आहे. ‘जिव्हाळ्या’त जीव आहे, आणि नखाखालच्या हळव्या भागाला ‘जिव्हाळी’ म्हणतात हे ध्यानात घेतले की त्या शब्दाची ओल समजते. संतपरंपरेने तर सामीप्याला अंतिम स्थान दिलेच नाही. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकातील अखेरच्या समासात वर्णिलेल्या चार मुक्तींत समीपता ही दुसरी असून सायुज्यता तिच्यापुढची आहे.

छत्तीसगढीने ही गरज विधीच्या साहाय्याने भागविली. तेथे ‘मितान’ होणे हा एक संस्कार आहे. जगन्नाथाचा महाप्रसाद, गंगाजल, भोजलीचे अंकुर किंवा रथयात्रेतील भिजवलेले मूग यांची देवाणघेवाण करून दोन व्यक्ती आजन्म बांधल्या जातात. त्यानंतर त्या एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत. ज्या वस्तूच्या साक्षीने हे नाते जुळले, तिचेच नाव संबोधन बनते. मितानाचे आईबाप ‘फूलदाई’ व ‘फूलददा’ होतात, आणि हे नाते जातीची मर्यादाही ओलांडते. ‘मितान’चे भाषांतर ‘मित्र’ असे केले, तर व्युत्पत्ती साधते, पण अर्थ हरवतो. २००० साली छत्तीसगढ राज्य स्थापन झाल्यावर २००२ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्यसेविकांच्या योजनेस ‘मितानिन’ हे नाव देण्यात आले. शासनाच्या परिभाषेस जो विश्वास सहसा लाभत नाही, तो या लोकशब्दाकडून मिळावा, ही अपेक्षा त्या निवडीत दिसते.

रायपूर आणि नागपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. त्याआधी अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढात पोहोचली होती. या सहवासाचे वाङ्मयीन फळ म्हणजे माधवराव सप्रे यांचे कार्य. मराठीभाषक सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. दोन भाषा शेजारी असल्या म्हणजे भाषांतर सोपे होते, हा समज अशा कार्याकडे पाहिल्यास टिकत नाही. समान शब्दांची विपुलता हाच शेजारभाषांतील मोठा धोका असतो.

वाक्यार्थासाठी आकांक्षा आणि योग्यता यांबरोबर सन्निधीही आवश्यक आहे, असे भारतीय शास्त्रकारांनी मानले. पदे एकमेकांनजीक उच्चारली गेली नाहीत, तर अर्थ जुळत नाही; पण केवळ नजीक आल्याने तो जुळतो असेही नाही. भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांनाही हाच निकष लागू पडतो. मराठी वाचकाने छत्तीसगढीतील ‘तीर’ वाचताना ‘जवळ’ एवढाच अर्थ घेऊन थांबू नये. त्यामागील नदीकाठ त्याला दिसला, तरच त्या भाषेशी त्याचा खरा परिचय झाला असे म्हणता येईल.