सराटा फोडणारी चोच

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एखाद्या गॅलरीत कुंडीतली जास्वंद फुलली, की शिंजीर हजर होतो. फुलाच्या तोंडाशी तो फारसा जातच नाही. देठाजवळ बाकदार चोच खुपसतो, भोक पाडतो आणि मध ओढून घेतो. खाली कट्ट्यावर कुणीतरी टाकलेली बाजरी चिमण्या टिपत असतात. त्यांची चोच आखूड आणि बुडाशी जाड. दाणा आत घोळवला, की टरफल बाजूने गळून पडतं. एक दाभण, दुसरा अडकित्ता. हा फरक येतो कुठून?

या प्रश्नाचं सगळ्यात चोख उत्तर पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांवर मिळालं. तिथल्या डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या, वर्षानुवर्षं. 1977 मध्ये पाऊस दडी मारून बसला. मऊ, बारीक बिया संपल्या आणि उरली ती काटेरी, टणक फळं. माळरानावर अनवाणी चालताना आपल्या पायात रुततो त्या सराट्याचीच ही भावकी! ज्यांची चोच थोडी अधिक जाड होती, त्यांना ती फोडता आली. बाकीचे बहुतेक उपाशी मेले. जगले-मेले यांच्यातला फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण पुढच्या पिढीची चोच सरासरीने मोठी झाली. 1983 च्या धो धो पावसानंतर बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पारडं उलट फिरलं.

हा अर्धा मिलिमीटर अंड्यातच ठरतो. 2004 मध्ये अर्खट अब्झानोव्ह, क्लिफ टॅबिन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की जाड चोचीच्या फिंचच्या भ्रूणात बीएमपी4 हे जनुक लवकर आणि जोरात काम करू लागतं. त्यांनी कोंबडीच्या भ्रूणात त्याचं प्रमाण वाढवलं, तर पिल्लाची चोच रुंद आणि खोल झाली. लांबी वाढते ती कॅल्मोड्युलिन या प्रथिनामुळे, हे 2006 मध्ये कळलं. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की जिन्नस सगळ्यांकडे तेच असतात. कधी आणि किती घालायचे, एवढ्यावर चव बदलते.

पुढे उप्साला विद्यापीठातल्या लेइफ अँडरसन यांच्या गटाने ग्रँट दांपत्याबरोबर 120 पक्ष्यांचे जनुकसंच वाचले. चोच टोकदार की बोथट, यात एएलएक्स1 या जनुकाचा मोठा हात असल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. हेच जनुक गर्भात माणसाचा चेहराही घडवतं. त्यात गंभीर बिघाड झाला तर चेहरा दुभंगतो. पुढच्याच वर्षी चोचीच्या आकारमानाशी जोडलेलं एचएमजीए2 सापडलं. डॅफ्नेवरच्या 2004-05 च्या दुष्काळात सराटे खाणारा आणखी मोठा फिंच स्पर्धेला होता. त्यामुळे या वेळी 1977 च्याच त्या मध्यम आकाराच्या फिंचमधले मोठ्या चोचीचे मेले, आणि या जनुकाचं लहान चोचीचं रूप बाळगणारे तगले.

मग आपल्याकडे असं का घडत नाही? बेव्हर्ली पार्कही बेटावरच आहे, साष्टीच्या उत्तर टोकाकडे. मात्र गालापागोस आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये सुमारे हजार किलोमीटर समुद्र आहे. आपल्याकडे भाईंदर सुटलं, की लोकल काही मिनिटांत खाडी ओलांडून नायगावात शिरते. पाखरांना तर पूलही लागत नाही. इकडची चिमणी तिकडे घरटं बांधते, जनुकं मिसळत राहतात, म्हणून साष्टीची अशी वेगळी चिमणी घडलीच नाही.