बायोसची मांडणी आणि क्षेत्रनोंदींचा काल

रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे पोर्तुगीजपासून उद्भवलेली एक क्रिओल भाषा बोलली जाते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा तिच्यावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अल्पसंख्य समाजाच्या बोलीचे ध्वनिमुद्रण थेट संगणकावर केले, तर त्याचा दिनांक संगणकच नोंदवितो. तो दिनांक चुकला, तर पिढीगत भाषाभेदांविषयीचे अनुमानही डळमळते. म्हणून ज्या व्यवस्थेत या घड्याळाचे मूळ आहे, तिचे स्वरूप अभ्यासकाने जाणून घेणे इष्ट होय.

यंत्र सुरू होताच, विंडोज अथवा लिनक्स स्मृतीत येण्यापूर्वी, जो आदेशक्रम चालतो त्यास बायोस म्हणतात. 'मूलभूत आदान-प्रदान व्यवस्था' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी ही संज्ञा बनली आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७०च्या दशकात ती योजिली. १९८१ च्या आयबीएम पीसीने ती सर्वत्र रूढ केली. आज तिची जागा बहुतांशी यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. नाव मात्र जुनेच चालते. वस्तू पालटली तरी शब्द टिकतो, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

यंत्र बंद असतानाही घड्याळ चालावे म्हणून पुष्कळ संगणकांत नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल बसविलेला असतो. सेकंदास ३२,७६८ कंपने पावणाऱ्या स्फटिकावर ते घड्याळ चालते. सेल क्षीण झाला तरी वीज चालू असेतो दोष लपून राहतो. ३ जून २०२० रोजी अलिबागनजीक धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील वीज दीर्घकाळ खंडित झाली होती. अशा वेळी तो उघड होतो: दिनांक कित्येक वर्षे मागे जातो, आणि जुन्या यंत्रांत इतर मांडणीही मूळपदावर येते.

मांडणीत प्रवेश करण्यासाठी यंत्र सुरू होताना बहुधा एफ-२ किंवा डिलीट ही कळ दाबावी लागते. प्रथम दिनांक व वेळ पाहावी. यंत्र कोणत्या साधनापासून सुरू व्हावे, याचा क्रम त्यानंतर तपासावा. डिस्कच्या जोडणीची पद्धत व सुरक्षित प्रारंभाची योजना कारणावाचून बदलू नये. अन्यथा यंत्र सुरूच न होण्याचा संभव असतो. कोणताही बदल करण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घेणे श्रेयस्कर.

आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. विंडोज हे घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, तर लिनक्स बहुधा जागतिक वेळेचे. एकाच यंत्रावर दोन्ही नांदत असतील, तर साडेपाच तासांचा फरक पडू शकतो. सेल निर्दोष असूनही नेमके एवढेच अंतर दिसले, तर कारण येथे शोधावे.

घड्याळ चुकलेले आढळल्यास ते तत्काळ दुरुस्त करू नये. आधी चुकीची व खरी वेळ शेजारी शेजारी टिपून ठेवावी. घड्याळ मध्यंतरी थांबले नसेल, तर त्या अंतरावरून पूर्वीच्या नोंदींचा काल निश्चित करता येतो. तथापि, प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दिनांक व स्थळ मुखाने उच्चारणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय होय. तो कोणत्याही सेलवर अवलंबून नाही.