चेक इंजिन लाइट आणि पी०४२० कोड: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी मोबाईलवर हे बघा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०. मग ठरलेलं वाक्य: "कॅट गेलाय, बदलावा लागेल. नाहीतर कार्बन क्लीनिंग करून बघू." पालघर-बोईसर पट्ट्यात जुनी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी वापरणाऱ्यांना हे नवीन नाही. पण दोन्हीपैकी कशावरही पैसे घालण्याआधी थांबा. कोड नेमकं काय सांगतोय ते तुम्ही स्वतः मोबाईलवर बघू शकता.

पी०४२० म्हणजे नक्की काय?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये इंजिनाजवळ बसवलेला डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचं रूपांतर इथे बऱ्यापैकी निरुपद्रवी वायूंमध्ये होतं.

या डब्याच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढच्या सेन्सरचं रीडिंग सतत वर-खाली होतं. कन्व्हर्टर ठीक असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचं रीडिंग जवळपास स्थिर राहतं. मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचायला लागला की कॉम्प्युटर पी०४२० नोंदवतो. म्हणजे "कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी दिसतंय", एवढंच. का दिसतंय, ते शोधायचं काम आपलं.

मोबाईलवर तपासणी

स्टिअरिंगच्या खाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात लावायचा ब्लूटूथ ॲडॅप्टर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आयफोन असेल तर घेताना नीट बघा, साधे ब्लूटूथवाले बरेच ॲडॅप्टर फक्त अँड्रॉइडवर चालतात. ॲप कार स्कॅनर चालेल, अँड्रॉइडवर टॉर्कही चालेल.

आधी सगळे कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचा स्क्रीनशॉट घ्या. कोड पुसला की हा पुरावाही जातो.

पी०४२० एकटाच आहे की सोबत मंडळी आहेत, हे बघा. पी०३०० ते पी०३०४ दिसला तर मिसफायर आहे, पी०१७१ दिसला तर मिश्रणात हवा जास्त होतेय. अशा वेळी आधी ते दुरुस्त करायचं. कन्व्हर्टरचा विषय नंतर.

आता गाडी पूर्ण गरम करा, २५०० आरपीएमवर धरून मागच्या सेन्सरचा ग्राफ बघा. ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत रेष असेल, तर कन्व्हर्टर काम करतोय असं समजायला हरकत नाही. पुढच्या सेन्सरसारखाच ०.१ ते ०.९ मध्ये उड्या मारत असेल तर शंका खरी आहे. (काही गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा असतो, तो असा नाचत नाही. म्हणून लक्ष मागच्यावर ठेवा.)

तरीही लगेच नवा कन्व्हर्टर नको. केळवे, सातपाटी, चिंचणी, तारापूर हा सगळा खाऱ्या हवेचा भाग. सायलेन्सरचे जोड आणि नट-बोल्ट लवकर गंजतात. मागच्या सेन्सरच्या आधी कुठे पॅकिंग गेलं असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सर फसतो. सकाळी थंड गाडी सुरू करून खाली कान द्या. टिकटिक आवाज किंवा जोडाजवळ काळी काजळी दिसली तर दुरुस्ती स्वस्तात होईल.

सीएनजीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त जोराची ठिणगी लागते. प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की गाडी पेट्रोलवर मस्त चालते आणि सीएनजीवर झटके मारते. अशी गाडी तशीच रेटू नका. न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि आतली जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर हेच चालू आहे. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा. प्लग वेळेवर न बदलल्यामुळे चांगला कन्व्हर्टर जाणं, यासारखा महागडा आळस नाही.

मग कार्बन क्लीनिंगचं काय?

वितळलेली जाळी, किंवा इंजिन ऑइल पिऊन त्यातल्या फॉस्फरसने झाकलेला धातूचा थर, टाकीत बाटली ओतून किंवा हायड्रोजन मशीन लावून परत येत नाही. गाडी ऑइल पीत असेल तर नवा कन्व्हर्टरही तसाच जाईल, आधी तिथे बघा.

कार्बन साफ करण्यात अर्थ कधी असतो? आयडलिंग वर-खाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, तिथे खरोखर थर साचतो. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या, नीट चालणाऱ्या गाडीला दर सर्व्हिसला कार्बन क्लीनिंग म्हणजे बिल वाढवणं. सीएनजीवर तर कार्बन आणखी कमी बनतो.

बीएस ६ डिझेलचं मात्र वेगळं आहे. तिथे काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि ती जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. बोईसर स्टेशन ते एमआयडीसी असे छोटे फेरे मारून तो तापतच नाही. पी२४६३ म्हणजे काजळी जास्त साचली. डीपीएफचा दिवा नुसता लागला असेल तर मॅन्युअल बघून, चिल्हार फाट्यावरून किंवा मनोरहून महामार्ग ४८ वर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवा. दिवा विझला नाही किंवा गाडीची ताकद कमी झाली तर सर्व्हिस सेंटर.

पी०४२० दुरुस्त झाला का, हेही असंच कळतं. नुसता कोड पुसून घरी आलात तर दिवा गेलेला दिसेल, पण कॉम्प्युटरने कन्व्हर्टर परत तपासलेलाच नसतो. ॲपमध्ये 'कॅटॅलिस्ट मॉनिटर' पूर्ण झालेला दिसेपर्यंत गरम गाडी स्थिर वेगाने चालवावी लागते.

आणि कोणी "कॅट काढून सरळ पाइप टाकतो, पिकअप वाढेल" म्हणालं तर नाही म्हणा. मागचा सेन्सर ओरडतच राहील, पीयूसीला अडकाल, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.