‘सहजीवी’ आणि ‘यजमान’: फळमाशीतील जीवाणूंच्या निमित्ताने

मराठीत ‘सहजीवन’ हा शब्द उच्चारताच परस्परपूरक संसाराचे चित्र डोळ्यांपुढे येते. जीवशास्त्रात या संज्ञेला अशी गोडी अभिप्रेत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आन्तोन द बारी यांनी १८७९ साली तिच्या मूळ युरोपीय पर्यायाची व्याख्या ‘भिन्न जातींच्या जीवांचे एकत्र राहणे’ एवढीच केली होती आणि तीत परोपजीवनाचाही समावेश होता. हा भेद विसरल्यास कसा घोटाळा होतो, हे फळमाशीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

आंबलेल्या फळांवर घोंगावणारी ड्रोसोफिला ही बारीक माशी सर्वपरिचित आहे. तिच्या पेशींत पुष्कळदा वोल्बाकिया नावाचा जीवाणू वसतो. हर्टिग व वोल्बाक यांना तो १९२४ साली प्रथम डासात आढळला. मातेच्या अंड्यातून तो संततीत उतरतो. शुक्रपेशीतून उतरत नाही. ड्रोसोफिला सिम्युलन्स या जातीत बाधित नराचा जीवाणूरहित मादीशी संयोग झाला, तर पुष्कळसे भ्रूण मरतात. मादीही बाधित असल्यास ते वाचतात. साहजिकच बाधित माद्यांचा वंश, आणि त्यासमवेत जीवाणूही, फैलावतो. याला उपकार कोण म्हणेल? परंतु ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या जातीत हाच जीवाणू काही विषाणूंपासून माशीचे रक्षण करतो, असे २००८ साली सिद्ध झाले. स्पायरोप्लाझ्मा या दुसऱ्या जीवाणूचे वर्तनही असेच दुहेरी आहे: एका जातीत तो नर भ्रूणांचा नाश करतो, तर दुसरीत माशीला वंध्य करणाऱ्या सूत्रकृमींपासून तिला वाचवतो.

तात्पर्य, लाभ वा हानी ही जीवाणूच्या नावात नसून त्या त्या संबंधात असते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात पळसावर लाखेचा किडा पोसला जातो. त्या किड्याच्या जातीतही वोल्बाकिया आढळला आहे. अहवालात त्यास नुसते ‘सहजीवी’ म्हटले, तर लाख उत्पादक तो उपकारकच समजेल. त्यावर बेतलेला सल्लाही चुकेल.

‘यजमान’ या शब्दाचे मूळ येथे उद्बोधक आहे. ज्याच्या खर्चाने यज्ञ होतो तो यजमान. फल त्याला मिळेलच, असे शब्द सांगत नाही. म्हणून ‘सहजीवी’ ही संज्ञा केवळ सहवासापुरती वापरावी. ‘परस्परोपकारी’ वा ‘परोपजीवी’ ही विशेषणे प्रयोगाने पुरावा मिळाल्यावरच योजावीत, हे उचित होय.