उरलेली नळी

अमरावतीहून अकोल्याला जाणारा रस्ता बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे मागे टाकत जातो. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची एक पदरी डांबरी वाट १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाली आणि गिनेस बुकात तिची नोंद झाली. अशा चांगल्या रस्त्यावर, मे महिन्याच्या उन्हात, तुरीची पोती भरलेली एक जुनी मालमोटार धापा टाकत चालली आहे, अशी कल्पना करा. गाडीला टर्बोचार्जर आधीपासून होता. मालकाने कालच त्याच्या जोडीला इंटरकूलर बसवून घेतला. ताकद वाढायची, ती उलट घटली!

गॅरेजात आल्यावर चालक म्हणतो, "मिस्त्रीभाऊ, पयले गाडी बरी होती, आता तं ओढूनच नाही राह्यली."

मिस्त्री बॉनेट उघडतात. आत पेन्सिलीएवढ्या जाडीची एक रबरी नळी मोकळी लोंबते आहे. "आता ही कुठली बा राह्यली?"

विद्यार्थी मित्रांनो, या नळीची जागा शोधण्यापूर्वी इंटरकूलर कशासाठी असतो ते पाहू या. सायकलचा पंप जोराने मारताना त्याचा खालचा भाग तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. टर्बोचार्जरमध्ये हेच घडते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट मागितले होते.

आता थोडे गणित करू. अकोल्याची ४५ अंश सेल्सिअसची हवा टर्बोने दाबून तिचा दाब दुप्पट केला. उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर ती हवा सुमारे ११५ अंशांपर्यंत तापते. पण कोणतेच यंत्र आदर्श नसते. प्रत्यक्षात ती १४५ अंशांच्या आसपास पोहोचू शकते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. इंटरकूलर ही पाण्याच्या रेडिएटरसारखी जाळी. तिच्या आतून तापलेली हवा जाते आणि बाहेरून वारा लागतो. समजा, १४५ अंशांची हवा ६५ अंशांवर आली. निरपेक्ष तापमान ४१८ वरून ३३८ झाले. दाब तेवढाच धरला, तर घनता ४१८ भागिले ३३८, म्हणजे सुमारे १.२४ पट झाली. त्याच सिलिंडरमध्ये जवळजवळ २४ टक्के जास्त हवा!

मग गाडी का ओढत नाही? कारण नुसती हवा वाढून भागत नाही. तिच्या प्रमाणात डिझेलही वाढावे लागते. या जुन्या गाडीच्या डिझेल पंपावर एक डबी आहे. तिच्यात लवचीक पडदा आणि स्प्रिंग असते. हवेचा दाब वाढला की पडदा दबतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. हा दाब पडद्यापर्यंत पोहोचवते ती आपली बारीक नळी. ती इंजिनाला हवा पुरवत नाही; ती पंपाला हवेच्या दाबाचा निरोप देते.

हे घरी करून पाहा. सुई नसलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या घ्या. त्यांची तोंडे बारीक नळीने जोडा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा आपोआप बाहेर सरकतो. आता नळीचे एक टोक काढा. कितीही दाबा, दुसरा दट्ट्या ढिम्म! आपल्या गाडीतही असेच झाले आहे. टर्बो दाब देतो आहे, पण पंपाला त्याचा पत्ताच नाही. म्हणून तो हात आखडून डिझेल देतो.

मिस्त्री नळीचा माग काढतात. एक टोक पंपावरच्या डबीला नीट बसलेले आहे. मग दुसरे कोठे होते? कोपऱ्यात काल काढून टाकलेला जुना पाइप पडला आहे. पूर्वी टर्बोची हवा त्याच्यातून सरळ इंजिनात जात असे. त्या पाइपावर एक छोटे निपल आहे. नव्या पाइपावर ते नाही! निपल पाइपाबरोबर गेले आणि नळी पोरकी झाली.

आता नळी कोठेही खुपसून चालेल काय? नाही. हवेच्या वाटेचे तीन टप्पे आहेत. टर्बोच्या आधी दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. तेथे जोडली तर पंपाला खोटा निरोप जाईल. टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामध्ये हवा सर्वांत तप्त असते, आणि जाळीतून जाताना तिचा दाब थोडा घटतो. पंपाला कळायला हवा तो प्रत्यक्ष इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. म्हणून या नळीची जागा इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला.

नळीच्या तोंडात स्क्रू ठोकून ते बंद करणे हाही उपाय नव्हे. या गाडीत त्याने ताकद परत येणार नाही. आणि अशीच नळी जर टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेट नावाच्या झडपेची असेल, तर झडप उघडणार नाही, दाब मर्यादेबाहेर चढेल आणि टर्बो किंवा इंजिन निकामी होऊ शकेल.

मिस्त्री नवा पाइप गाडीवरून उतरवतात, मग त्याला भोक पाडून निपल बसवतात. पाइप जागेवर असतानाच भोक पाडले, तर लोखंडाचा कीस थेट इंजिनात जाईल. पाइप आतून स्वच्छ करून चढवला जातो. उष्णता आणि तेल सोसणारी नळी निपलावर बसवून क्लिपने आवळली जाते. मग इंजिन बंद ठेवून बेताच्या दाबाने हवा भरतात आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला तर गळती आहे. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतो, तीच ही रीत.

गाडी पुन्हा बडनेऱ्याच्या दिशेने निघते आणि पोत्यांसकट वेग घेते. कोणतेही यंत्र खोलताना प्रत्येक नळी कोठून निघते आणि कोठे पोहोचते, याची आकृती आधी वहीत काढून ठेवा. काम संपल्यावर हातात एखादी नळी उरली, तर तिची जागा त्या आकृतीत सापडेल.