पाट, वाट आणि चर

उन्हाळ्यात गवत वाळून गेलं की साताऱ्याच्या डोंगरांच्या अंगावर रेघा दिसू लागतात. यवतेश्वरच्या घाटात थांबून समोरच्या उताराकडे नीट बघा. एकाखाली एक, जवळजवळ आडव्या, हातभर रुंदीच्या पायऱ्याच पायऱ्या. तिथे कुणी कुदळ मारलेली नाही. त्या गुरांनी पाडल्या आहेत. चरणारी गाय उतारावर सरळ वर चढत नाही की सरळ खाली उतरत नाही, ती आडवी चालते. आडवं चालताना वरच्या अंगाचं गवत आपसूक तोंडाशी येतं आणि दमही लागत नाही. आज एक गेली, उद्या तिच्याच खुरांत खूर ठेवून दुसरी. उतारावरची माती तशीही सावकाश खाली सरकत असते. ती या पायरीवर थबकते आणि पायरी पक्की होते.

या डोंगरांत एमटीबी, म्हणजे जाड दातेरी टायरची डोंगरी सायकल, चालवायला लागलो तेव्हा मी या रेघांवरून पहिल्यांदा गेलो आणि थक्क झालो. चाकाला हवी ती वाट इथे आधीपासून तयार होती. खिंडीकडे नेणारी, ओढा बरोब्बर उथळ जागी ओलांडणारी. मग प्रश्न पडला की चांगली वाट म्हणजे नेमकं काय? एक वाट शंभर पावसाळे टिकते आणि तिच्याच शेजारची दोन पावसाळ्यांत घळ होऊन जाते, हे कशाने?

उत्तर पाण्यात आहे. वाट झिजते ती पायांनी किंवा चाकांनी कमी, पावसाने जास्त. महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. वाट उताराच्या दिशेने सरळ खाली जात असेल तर ती पाण्यालाही सोयीची. पाणी तिच्यात शिरतं, वेग घेतं, माती नेतं आणि मागे दगडगोटे ठेवतं. वाट आडवी असेल तर पाणी वरून येतं, ओलांडतं आणि खाली निघून जातं. जगभर डोंगरी सायकलीच्या वाटा आखणारे एक नियम पाळतात: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर शंभर फुटांत तीस फूट उतरत असेल तर वाटेने पंधरा फुटांच्या आतच उतरावं. शिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी आणि उतरता उतरता मध्येच चार पावलं चढणारी हवी, म्हणजे साचू पाहणारं पाणी तिथे बाहेर पडतं. हे वाचून मी आमच्या जुन्या वाटा पुन्हा पाहिल्या. बऱ्याच वाटांनी तो नियम न वाचता पाळला होता. ज्यांनी पाळला नव्हता, त्या आता ओहोळ झाल्या आहेत.

डोंगराचीही यात मदत आहे. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर बसून झाला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि दोन कड्यांच्या मध्ये एक सपाटी उरते. तिला आपल्याकडे पदर म्हणतात. किती नेमका शब्द आहे! पदरात माती साचते, मातीवर रान माजतं आणि त्या रानाच्या सावलीतून वाट कड्याच्या पायथ्याला धरून मैलोन्‌मैल जाते. सायकलवाल्याला याहून सुंदर काही मिळत नाही.

आता चढाचा हिशोब सांगतो, कारण तो मला फार आवडतो. सातारा शहर ते कासचं पठार हा चढ पाचशे मीटरच्या आसपास. माणूस आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो धरा. तेवढं वजन तेवढं उंच न्यायला चार लाखांहून थोडी जास्त ज्यूल ऊर्जा लागते. शरीर खाल्लेल्या अन्नाचा चौथा हिस्साच कामाला लावतं, म्हणजे चढ साधारण दोन-अडीच ज्वारीच्या भाकऱ्यांचा. आणि उतरताना? वर साठवलेली ती सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. रस्त्याने भरधाव उतरलात तर बरीचशी हवाच खाते. पण अवघड पायवाटेने हळूहळू उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उतरते. सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता दोन पातळ चकत्या झेलतात आणि वाऱ्यात सोडून देतात.

या उष्णतेतूनच डोंगरी सायकलीची कथा सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ साली काही तरुण फुगीर टायरच्या जुन्यापान्या सायकली डोंगरावर नेऊन सुमारे चारशे मीटरच्या कच्च्या उतारावर शर्यत लावू लागले. पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक लागायचा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं ‘रिपॅक’. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सांगाडा बनवला आणि १९९६ साली अटलांटात हा प्रकार ऑलिंपिकमध्ये गेला. टायर मात्र त्या जुन्या सायकलींसारखाच जाड राहिला. रेसिंग सायकलीत शंभर पौंडांच्या आसपास हवा भरतात, इथे पंचवीस-तीस पुरते. मऊ टायर दगडावर दबतो, त्याच्या आकाराचा होतो, त्याला धरून ठेवतो.

हेच टायर कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, मात्र नेऊ नयेत, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. तिथे जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. त्या थरावर सीतेची आसवं फुलतात, वायतुरा फुलतो, सात वर्षांनी एकदा टोपली कारवी डोंगर निळा-जांभळा करते. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासची गणना झाली ती याच थरामुळे. चाकाच्या एका ओळीत पाणी वाहू लागलं की तो थर गेला, आणि तो परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. कासहून महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमधून सडावाघापूरकडे जाणारे रस्ते, मळलेल्या गाडीवाटा, शिवारातल्या पाणंदी, चाकाला एवढं रान पुष्कळ झालं. कोयना-चांदोलीच्या राखीव जंगलात तर चाक नकोच, ते वाघाचं घर आहे.

कासहून साताऱ्याकडे आणखी एक रेघ येत असे. कास तलावाचं पाणी एका उघड्या पाटाने, डोंगराच्या कडेकडेने, कुठल्याही पंपाशिवाय शहराकडे वाहत यायचं. उतार जरा जास्त झाला तर पाणी पाट फोडणार, जरा कमी झाला तर तुंबणार. डोंगराच्या प्रत्येक घडीत आत-बाहेर वळत, मैलोन्‌मैल तो उतार ज्यांनी सांभाळला त्यांच्या नजरेला आणि हाताला काय म्हणावं!

आणि तीच रेघ पूर्वेकडे गेल्यावर उलटं काम करते. साताऱ्याच्या माण-खटावात, सांगलीच्या कवठेमहांकाळ, आटपाडी, जत भागात पाऊस महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्शाएवढा. तिथे डोंगर उघडा, माती मुरमाड, आणि पाणी घालवायचं नसतं, अडवायचं असतं. म्हणून उतारावर सलग समतल चर खणतात. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन माणसांनी दोन टोकं धरायची, दोन्हीकडची पातळी जुळली की तिथे फक्कीची खूण. २०१६ साली पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं ते अशाच श्रमदानावर. सागरेश्वरचं अभयारण्यही अशाच उघड्या टेकड्यांवर माणसांनी उभं केलेलं रान आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्याचा ध्यास घेतला आणि १९८५ साली ते अभयारण्य झालं. आज तिथे हरणं चरतात.

म्हणजे चराला उतार शून्य, पाटाला अगदी किंचित, वाटेला त्याहून थोडा जास्त. डोंगरावरच्या एकाच जातीच्या या तीन रेघा, फरक फक्त उताराचा.

गेल्या जूनमध्ये कवठेमहांकाळकडच्या एका टेकडीवर पहाटे सायकल घेऊन चढत होतो. रात्री पहिला मोठा पाऊस झाला होता. मुरमाची वाट एव्हाना सुकत आली होती, टायर नीट धरत होता. वाटेच्या वर एक चर, खाली एक चर, दोन्ही तांबड्या पाण्याने काठोकाठ भरलेले. वरच्या चराच्या काठाने एक बाई शेळ्या घेऊन आडव्या चालल्या होत्या. शेळ्यांची पावलं ओल्या मातीत एकामागोमाग एक, एकाच रेघेत उमटत होती.